पाचवी झाल्यावर

पाचवीच्या दिवशी घरात कुणाला ताप आहे असं म्हणायचं नसतं. संध्याकाळी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, आणि नेमका त्याच वेळी आजाराचा शब्द तिच्या कानावर पडला तर तोही लिहून टाकते, अशी उतेकरांच्या घरातली समजूत. त्यामुळे अनुपमाचं अंग तापल्या तव्यासारखं झालं होतं, तरी सगळे त्याला दुधाचा ताप म्हणत होते. दूध उतरताना अंग कसकसायचंच, असा निकाल गोदूआतेनं दिला होता. आतेनं निकाल दिल्यावर पुढे तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती.

महिपती अंगणात उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलत होता. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पोलादपूरच्या वरच्या अंगाला बापजाद्यांची शेती, दोन मुलगे, दोन सुना. पण पाचवीच्या दिवशी घरातल्या पुरुषाला काडीची किंमत नसते, आणि हे त्याला मान्य होतं. बायको होती तोवर असल्या दिवशी तो सरळ शेताकडे निघून जायचा. ती गेल्यापासून त्याला बायकांच्या आवाजाजवळ बसावंसं वाटे. आत आतेचा आवाज चढत होता. पाटा घासला का, वरवंट्याला हळद लावली का, घुगऱ्या शिजायला टाकल्या का. नव्वदी ओलांडली, एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, दुसऱ्यातला पिकत आला, तरी घरात कुठे काय चुकतंय ते म्हातारीला बसल्या जागी कळायचं.

आते ही महिपतीच्या बापाची बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा जाऊन माहेरी परत आलेली. महिपतीची आई त्याला जन्म देऊन आठवड्याच्या आत गेली, तेव्हा ह्या सोळा-सतरा वर्षांच्या विधवा पोरीनं त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. जगात महिपती कुणाला दबत असेल तर तो हिलाच, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

थोरली सून वैशाली मागच्या दारानं आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. शेंगांना तिनं हात लावला नाही, त्यावरून महिपतीला कळलं की ही काहीतरी बोलायला आलीय.

"आबा, धाकटीच्या खोलीत जरा येता?"

"मी कशाला? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?"

"वास येतोय." वैशालीनं आवाज खाली आणला. "कालपास्नं येतोय. मी ओवा जाळला, धुरी दिली, कपडे बदलले. जात नाय. कुजल्याचा वास हाय तो, आबा."

महिपतीचा हात थांबला. ह्या दोघी जावा चुली वेगळ्या झाल्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. धाकटी अनुपमा महाडची, कॉलेज शिकलेली. वैशाली तिच्या माघारी तिला 'म्याडम' म्हणायची. तीच वैशाली उठून तिच्यासाठी सांगायला आली, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

"आतेला सांगितलंस?"

"सांगितलं तर. म्हणाल्या, बाळंतिणीला काय अत्तराचा वास येतो काय. परत बोलले तर मला पाट्याजवळून उठवली."

महिपती उठला. धोतराला चिकटलेली सालं झटकली आणि खोलीच्या दारापर्यंत गेला. खिडकीच्या फटींत गोधडीच्या चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, खोलीभर ओव्याचा धूर, आणि त्या धुराच्या आतून येणारा तो वास. महिपती शेतकरी माणूस. पोटात रेडकू मेलेली म्हैस त्यानं गोठ्यात पाहिली होती. तो वास कसला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

अनुपमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेली पोर झोपलेली.

"अनू, कसं वाटतंय गो?"

"थंडी वाजतेय, आबा." खाली निखारे फुललेले असताना तिचे दात वाजत होते. "पोटाला हात लावला की जीव जातो. पोरीला पाजायला घेते तर हात थरथरतात, पडेल की काय वाटतं. मला महाडला न्या ना. मी परवापासून सांगतेय राहुलला. तो म्हणतो, पाचवी होऊ दे."

"परवापासून?"

डोळे मिटून तिनं नुसती मान हलवली.

राहुल, तिचा नवरा, महिपतीचा धाकटा, दाराच्या बाहेरच उभा होता. मुंबईला एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. बाळंतपणासाठी रजा काढून आलेला. बापाची नजर पाहिली आणि तो आधीच सांगायला लागला.

"आबा, टेन्शन नका घेऊ. मी कॅप्सूल दिल्यात तिला. मला गळू झालं होतं ना मागं, तेव्हाच्या. अर्धी स्ट्रिप उरली होती बॅगेत. ताप एकदम डाऊन आला होता त्यानं."

"मग आता कशानं चढला?"

"कॅप्सूल संपल्या ना. पण आजचाच तर दिवस आहे. संध्याकाळी तिला पाच मिनिटं पाट्यासमोर बसवायची, बस. उद्या सकाळी मीच घेऊन जातो."

म्हणजे पाचवी निभावेपर्यंत ताप दाबून धरायचा, असा ह्या शहाण्याचा बेत होता. नव्या औषधाच्या जोरावर जुना दिवस पार पाडायचा. सटवाईचाही मान राहील आणि डॉक्टरचाही. असला बेत ह्या डोंगरातल्या माणसालाच सुचावा. मुंबईत राहून त्याला गोळ्यांची नावं पाठ झाली होती, आणि घरी आल्यावर आतेपुढे त्याची बोबडी वळायची ती वळतच होती.

काठीचा आवाज आला. आते ओटीवर आली होती.

"काय रे, बाळंतिणीच्या दारात गडीमाणसांचा बाजार कसला भरवलाय?"

"आते, अनूला महाडला न्यायला पायजे," महिपती म्हणाला.

"नेऊ की. उद्या ने. आज पाचवी हाय."

"अंगाला वास येतोय तिच्या."

"येतोय तर येऊं दे. वार मी माझ्या हातानं पाडलीय. सगळी पडलीय. मी सोताच्या डोळ्यांनी पाह्यलीय."

ते खरं होतं, म्हणजे तिनं पाहिली होती हे खरं होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याची गाडी बोलावली होती. पण पोरगी गाडीच्या आधी आली. नाळ आतेनं कापली, वार आतेनं हात घालून ओढून काढली आणि पुरायला दिली. गाडीबरोबर आलेली बाई म्हणाली होती, आई आणि बाळ दोघांना घेऊन चला, आतून तपासून घेऊ. गावातल्या आशाताईंनीही तेच सांगितलं. आते म्हणाली, सगळं नीट झालंय, सुवेरातली बाळंतीण पाचवीच्या आधी घराबाहेर कशाला. आणि गाडी रिकामी परत गेली. तेव्हा महिपतीही तिथंच उभा होता. तोही काही बोलला नव्हता.

आता त्यानं आतेच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडे पाहिलं.

"आन् ताप काय ह्या घरात आज आलाय?" आते भिंतीला पाठ लावून टेकली. तिला आता सांगायचं होतं. "तुझ्या आयशीला हेच्यापरीस ताप व्हता. तवा कुठं व्हत्या तुमच्या गोळ्या? त्या सुया म्हणं मुंबईत आलेल्या, पन हितं डोंगरात कोन आणतोय? तरी आमी काय करायचं ठेवलं? खाटंखाली रातंदिस शेगडी. पाणी तोडलं, निस्ता काढा. उतरंना, तवा तुझ्या बापानं महाडवरनं डाक्तर आणला. डोलीत बसवून. पायात बूट, डोक्याला टोपी. आला तो पयला आमालाच वरडला. शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा, तिला पाणी पाजा. मोठ्या टोपात पाणी उकळाय लावलं, आपले हात कोपरापर्यंत धुतले. मंग लाल औषध पाण्यात कालवून नळीनं तिला आतनं धुतली. कढत पाण्यात फडकी पिळून, वर टरपिनतेल शिंपडून पोटावर ठिवली. डोस्क्याकडनं खाटंखाली विटा घातल्या, का तर आतली घाण खाली उतरावी. चमच्यानं बिरांडी पाजली."

ही गोष्ट महिपतीनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की पुढचा शब्द कुठला येणार हे त्याला माहीत असे. डॉक्टरचे बूट, डोली, ब्रँडी. लहानपणी त्याला ह्या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आपल्या आईसाठी घरानं महाडचा डॉक्टर डोलीतून आणला होता.

"जाताना म्हणला," आते पुढे सांगत होती, "ह्या तापावर माझ्यापाशी गोळी नाय. रोज दोनदा धुवायचं, आन् बाईच्या अंगात किती जोर हाय ते बघायचं. ह्याच डोलीत घाला तिला, महाडला माझ्या डोळ्याम्होरं राहूं दे. माझ्या आयनं सांगितलं, आणतो की, पाचवी झाल्यावर. झाली पाचवी. दुसऱ्या दिशी ती गेली. नशिबात तेवढंच लिवलेलं. पन आमी काय करायचं ठेवलं नाय."

पाचवी झाल्यावर.

ते दोन शब्द त्या गोष्टीत दर वेळी होते. आतेनं ते कधी लपवले नव्हते, आणि त्यानं ते कधी ऐकले नव्हते. पाऊणशे वर्षं त्याला वाटत आलं की आपल्या आईला नशिबानं नेलं. नशिबाचा काय संबंध होता? डोली दारात होती. भोई अंगणात विड्या ओढत बसले असतील. डॉक्टर तिला घेऊन जायला तयार होता आणि घरातली माणसं पाटा पुजायच्या वेळेची वाट बघत बसली होती. त्याला रडू फुटेल असं वाटलं, आणि रडण्याहूनही राग जास्त आला. कुणावर काढायचा तेच कळेना. समोर होती ती त्याला शेळीचं दूध पाजून जगवलेली म्हातारी.

आत पोर कुरकुरली. महिपतीला एवढंच समजलं की ह्या पोरीला आई राहिली पाहिजे, आपल्यासारखं हिचं व्हायला नको.

"श्रीपत," त्यानं थोरल्याला हाक मारली. श्रीपत पोलादपूर ते महाड वडापची जीप चालवायचा. पाचवीसाठी आज गाडी घरी होती. "जीप काढ. मागची सीट पाड आणि गादी घाल."

"महिपती," आते म्हणाली, "मी काय सांगत्ये…"

"सांगून झालं तुझं, आते."

ह्या घरात आतेला असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलणाराही महिपती. राहुल बापाकडे बघतच राहिला. वैशालीनं मात्र क्षणाचाही वेळ घालवला नाही. ती आत जाऊन शेगडी बाहेर घेऊन आली.

आते काठी टेकून उठली. तिचा आवाज चढला नाही, तो बारीक झाला.

"ने तुझ्या सुनंला. पन पोर जायाची नाय. पाचवीच्या आधी पोरानं उंबरा वलांडला तर सटवाई तिला कुठं हुडकंल? तिचं कपाळ कोरं ठेवणार हायस तू? तुझ्या हातानं?"

"पोर आईजवळ…"

"पोर माझ्याकडं राहूं द्या, आबा," वैशाली मध्ये पडली. "गाडीत गार वारा, दवाखान्यात सतरा रोगांची माणसं. मी बघते तिला. तुमी आधी हिला हलवा."

महिपतीनं आतेकडे पाहिलं, वैशालीकडे पाहिलं. एकदा आतेचा शब्द मोडण्यात त्याच्या अंगातलं सगळं बळ गेलं होतं. दुसऱ्यांदा मोडायला उरलं नव्हतं. तो बरं म्हणाला. एका दिवसाचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला समजावलं.

अनुपमाला घोंगडीत उचलून बाहेर आणली तेव्हा तिनं डोळे उघडले. "पोर?"

"वैशाली बघतेय. तू बरी होऊन ये," महिपती म्हणाला.

तिनं मान उचलायचा प्रयत्न केला. वैशाली पोरीला घेऊन दारापर्यंत आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. अनुपमानं तिथूनच पोरीकडे पाहिलं. मग वैशालीकडे पाहून म्हणाली, "ताई, ती डाव्या कुशीवर लवकर झोपते." दीड वर्षात ती थोरल्या जावेशी पहिल्यांदा बोलत होती.

"झोपवते गो," वैशाली म्हणाली. "तू जा."

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर राजश्रींनी अनुपमाला तपासलं आणि पाचेक मिनिटांत बाहेर आल्या. चाळिशीची बाई, बोलणं तुटक, पण उद्धट नव्हे.

"वार पूर्ण पडली होती का? कुणी पाहिली?"

"आमच्या आतेनं," महिपती म्हणाला.

"वय काय त्यांचं?"

महिपतीनं वय सांगितलं नाही. "तिला नीट दिसत नाही," एवढंच म्हणाला. राहुलनं मान खाली घातली.

"तुकडा आत राहिला होता. तो कुजलाय. त्याचं विष रक्तात गेलंय." त्यांनी राहुलकडे पाहिलं. "घरी काय औषध दिलंत?"

राहुलनं गळवाची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे त्याला जास्त लागलं.

"अर्ध्या गोळ्यांनी ताप झाकला गेला. आजार आत वाढत राहिला. आता आम्ही आमच्याकडची सगळ्यांत भारी इंजेक्शनं लावलीत. पण रक्तदाब उतरत चाललाय, लघवी बंद होत आलीय. इंजेक्शनांना आजार दाद देईल की नाही ते मला आज सांगता येणार नाही."

"इतकी औषधं असून?" महिपतीनं विचारलं.

"काका, ही औषधं नव्हती तेव्हाचे डॉक्टर काय करत असतील? घाण बाहेर काढायची, आतून धुवायचं आणि बाईच्या अंगात किती बळ आहे ते बघायचं. औषध वेळेत मिळालं तर आम्ही त्यांच्यापुढे. वेळ गेल्यावर आम्हीही तिथंच उभे असतो." त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद राहुलपुढे ठेवला. "तुकडा काढून भागणार नाही. पिशवीच सडायला लागलीय. पिशवी काढावी लागेल, आत्ताच. त्यानंतरही खात्री नाही. पण नाही काढली तर मात्र खात्री आहे."

राहुल बाकावर बसला. "म्हणजे पुढं मूल…"

"नाही होणार."

त्यानं घरी फोन लावला. ह्या वयात, बायको आत मरणाच्या दारात असताना, त्याला विचारायला घरच लागत होतं. फोन वैशालीनं उचलला. तिच्यामागे आतेचा आवाज येत होता, तो महिपतीलाही ऐकू आला. "कूस काढू नका म्हणावं. एकच पोरगी हाय. वंश बुडंल."

"ऐकलंत?" वैशाली फोनमध्ये म्हणाली. "आता माझं ऐका, भावजी. काढा. माणूस राह्यलं पायजे." आणि पलीकडून आतेनं काहीतरी म्हटलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला.

राहुलनं बापाकडे पाहिलं.

"सही कर," महिपती म्हणाला. "वंशाचं मी बघतो. तू सही कर."

राहुलनं सही केली. अनुपमाला आत नेलं. तिकडे घरी दिवेलागणीला आतेनं पाचवी मांडली. पाटा मांडला, वरवंट्याला कुंची घातली, दिवा लावला, आणि आईच्या जागी वैशालीला बसवून पोर तिच्या मांडीवर दिली. वैशालीनं ते फोनवर सांगितलं तेव्हा महिपती नुसतं हूं म्हणाला. ऑपरेशन झालं होतं. अनुपमा शुद्धीवर आली नव्हती.

ती शुद्धीवर आलीच नाही. सकाळी समोरच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या उघडत होत्या तेव्हा डॉक्टर राजश्री बाहेर आल्या. त्यांनी अनुपमा गेल्याचं सांगितलं. राहुल भिंतीवर डोकं आपटायला लागला, श्रीपतनं त्याला मागून मिठी मारून धरला.

महिपतीला एकच विचारायचं होतं. "तीन दिवसांआधी आणली असती तर?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. "तीन दिवसांआधी आणली असती तर बहुधा वाचली असती. बाळ झालं त्याच दिवशी आणली असती तर आज घरी असती."

दवाखान्याच्या गाडीतून तिला वर आणली. महामार्ग सोडून गाडी वाडीच्या रस्त्याला लागली तेव्हा वालाच्या शेतांत बायका कामं टाकून उभ्या राहिल्या. महिपती तिच्या पायांशी बसला होता. येताना त्याला वाटत होतं की घरी गेल्यावर एकदा पोर तिच्याजवळ ठेवावी. का, ते त्याला सांगता आलं नसतं. कालपासून पोर तिच्याजवळ नव्हती, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि ती नव्हती ती त्यानं बरं म्हटल्यामुळे.

अंगणात वाडीतली माणसं जमली होती. आते उंबऱ्यात उभी होती. एका हातात काठी, कमरेला टेकवलेल्या सुपात राळे, आणि राळ्यांवर ठेवलेले चार मोठे खिळे.

"अंगणातच उतरवा," ती म्हणाली. "आत नाय आणायची. श्रीपत, हातोडा आण आतला. उंबऱ्याला दोनी बाजूनी खिळे ठोक. नेताना मी वाटंनं राळे टाकीन."

श्रीपत सवयीनं आत गेला आणि हातोडा घेऊन आला. जमलेल्या माणसांतलं कुणी चकित झालं नाही. ओली बाळंतीण गेली की हे करायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त गेल्या कित्येक वर्षांत वाडीत तशी कुणी गेली नव्हती.

"हे कशाला, आते?" महिपतीनं विचारलं.

"तुला ठावं नाय?" आतेच्या आवाजात राग नव्हता. रात्रभर ती झोपली नसावी. "बाळंतपणात गेलेली बाई पोरासाठी माघारी येती. खिळे असले की तिला उंबरा वलांडता येत नाय. राळे असले की येकयेक दाणा मोजल्याबिगर पाय उचलत नाय, आन् मोजता मोजता उजाडतं. पोर जगवायची तर हे करायलाच लागतं."

"माझ्या आयशीला पण केलं होतं?"

आतेनं कमरेवरचं सूप सावरलं.

"आते, विचारतोय मी."

"केलं व्हतं. माझ्या आयनं खिळे ठोकले. राळे मी टाकले, पार खालच्या पऱ्याच्या पाण्यापर्यंत."

"आन् मी कुठं होतो?"

"तू आत व्हतास. वरडत व्हतास सारखा. शेळी अजून मिळाली नव्हती."

महिपती अंगणात खाली बसला. तिन्हीसांजेला पऱ्याकडे जायचं नाही, तिथं बाई बसते, हे त्याला ह्याच घरानं शिकवलं होतं. ती बाई कोण हे त्याला मोठा झाल्यावर कळलं, आणि कळल्यावरही तो तिला घाबरतच आला. आई म्हणून त्यानं तिला एकदाही हाक मारली नव्हती. ती भुकेलं पोर ऐकून निघाली असेल, आणि तिच्या नणंदेनं तिच्या वाटेवर दाणे टाकले. तो हुंदके देऊन रडायला लागला. वाडीतल्या माणसांना वाटलं सुनेसाठी रडतोय, आणि तेही खोटं नव्हतं.

मग तो उठला. श्रीपतच्या हातातून त्यानं हातोडा काढून घेतला.

"आबा, लोक काय म्हणतील," श्रीपत हळूच म्हणाला.

"म्हणूं दे."

"महिपती," आते म्हणाली, आणि आता ती खरोखर घाबरली होती, "येईल रे ती."

"येऊं दे. तिचं घर हाय. तिची पोर हाय आत. पोरीला बघायला आली तर तिला मी दाणे मोजत बसवू?" त्यानं राहुलकडे वळून पाहिलं. "उचला. आत घ्या तिला."

राहुल आणि श्रीपतनं तिला उचललं. आते दारातून हलली नाही. तिला मागे ढकलायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात वैशाली आतून आली, पोर एका खांद्यावर. मोकळ्या हातानं तिनं म्हातारीचा दंड धरला आणि सावकाश बाजूला घेतलं. सूप आतेच्या हातात तसंच राहिलं. अनुपमाला तिच्या बाजूनं आत नेलं.

ओटीवर सतरंजी अंथरून तिला ठेवली. वैशाली खाली बसली आणि महिपतीकडे पाहू लागली. त्यानं मान हलवली. तिनं पोरीला आईच्या शेजारी निजवलं. पोर कालपासून बाटलीला तोंड लावत नव्हती. तिनं मान वळवली आणि सवयीनं तोंडानं पदर चाचपायला लागली. तिला कुणी अडवलं नाही.